हन्नेचा अंगरखा : मुले मोठी होताना ख्रिस्ती आईबापांनी काय, केव्हा आणि कसे सोपवावे

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक वाक्य आहे, ज्यावर आमच्या मंडळीत मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. नवसाने झालेला मुलगा हन्नेने दूध तुटल्यावर शिलो येथे एली याजकाच्या हाती दिला, आणि त्यानंतर दरवर्षी यज्ञासाठी वर जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा अंगरखा शिवून नेत असे. मूल डोळ्यांसमोर नाही, भेट वर्षातून एकदाच, आणि तरीही माप तर बेतायचे आहे. गेल्या वर्षीच्या मापाने शिवले तर ते अंगात शिरणार नाही, आणि उगाच मोठे शिवले तर पोर त्यात अडखळून पडेल. आईबापांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका या दोनच प्रकारच्या असतात, आणि माझ्या हातून दोन्ही झाल्या आहेत. मुलाच्या बाबतीत मी वर्षानुवर्षे जुन्याच मापाने शिवत राहिलो, तर मुलीच्या बाबतीत, ती समजूतदार आहे एवढ्याच कारणाने, तिच्या वयाला न पेलणारे अंगरखे चढवले.

पुढे जे लिहिले आहे ते साधारण दहा ते पंचवीस या वयातील मुलांच्या आईबापांसाठी आहे. मुलांना वाढवणे आणि मुलांना सोडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम अठरावा वाढदिवस किंवा लग्न यांच्या दिवशी आपोआप उरकते, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात ते दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू करावे लागते आणि एकेक किल्ली हातात देत पुरे करावे लागते.

सुरुवात : एक कागद आणि दोन रकाने

पतिपत्नींनी एका संध्याकाळी मुले झोपल्यावर बसावे आणि मुलाच्या आयुष्यातले असे सर्व निर्णय लिहून काढावेत, जे आज आपण घेतो : कपडे कोणते, झोपायचे केव्हा, पैसे किती व कशावर, मोबाइल किती वेळ, मित्र कोण, शिकवणी कोणती, उपासनेला जायचे की नाही, केस कसे कापायचे. प्रत्येकासमोर पहिल्या रकान्यात तो निर्णय मुलाच्या हाती कोणत्या वयात द्यायचा ते लिहावे, आणि दुसऱ्या रकान्यात त्यात चूक झाली तर किती नुकसान होईल ते लिहावे. केस वाईट कापले गेले तर महिन्याभरात वाढतात, म्हणून तो निर्णय दहाव्या वर्षीच द्यायला हरकत नाही. दुचाकीचे तसे नाही. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी मिळतो आणि त्यावरील गाडीचा अठराव्या वर्षी, तेव्हा तिथे आपल्या लाडाला किंवा शेजाऱ्यांच्या मुलाच्या उदाहरणाला थारा नसावा.

हा कागद करताना आईचे आणि वडिलांचे मत किती वेगळे आहे हे प्रथमच कळते. आमचे भांडण मोबाइलवर होईल असे वाटले होते. ते झाले शिकवणीवर. हे भांडण मुलांच्या पाठीमागे होऊन जाणे चांगले, कारण ज्या घरात एक बंद करतो आणि दुसरा गुपचूप उघडतो, तिथे मूल निर्णय घ्यायला शिकत नाही, आईबापांमधली फट शोधायला शिकते. दर वाढदिवसाच्या आठवड्यात कागद पुन्हा काढावा. नवे माप घ्यायचे ते तेव्हा.

नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातील सहावे वचन आपल्या घराघरांत भिंतीवर असते. मराठी शास्त्रात ते बालकाच्या ‘स्थितीस अनुरूप’ शिक्षण देण्याविषयी बोलते, हे मात्र भिंतीवर वाचताना नजरेतून सुटते. आपण त्या वचनातून हमी काढतो : योग्य वळण लावले की पोर कधी चुकणारच नाही. नीतिसूत्रे ही अनुभवाची वचने आहेत, करारनामा नव्हे. आणि ज्या आईबापांचे मूल दूर गेले आहे, त्यांना हे वचन ऐकवून दोषी ठरवण्याची मंडळीतील सवय मोडली पाहिजे.

दहा ते तेरा : पैसे आणि वेळ

पैशाची किल्ली पहिली द्यावी, कारण तिथल्या चुका स्वस्त असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेले मूल बचत खाते स्वतःच्या सहीने चालवू शकते. रकमेची मर्यादा आणि एटीएम कार्डासारख्या सोयी प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. खाते उघडताना मुलाला सोबत न्यावे आणि अर्ज त्यालाच भरू द्यावा. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम द्यावी आणि ती संपली तर पुढच्या तारखेपर्यंत एक रुपयाही देऊ नये. हा नियम पाळणे मुलापेक्षा आजीला जड जाते, म्हणून आजीशी आधी बोलून घ्यावे.

दानार्पणाची सवय इथेच लागते किंवा लागत नाही. आपल्याकडे उपासनेत थैली फिरू लागली की आई पदराच्या गाठीतून किंवा पर्समधून दहाची नोट काढून मुलाच्या मुठीत कोंबते आणि मूल ती थैलीत टाकते. त्यात मुलाचे काहीच गेलेले नसते. त्याच्या स्वतःच्या रकमेतून किती द्यायचे हे त्याने ठरवावे, आणि त्याने दोन रुपये दिले तर आईबापांनी भुवया उंचावू नयेत.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला ती गोष्ट लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहे आणि पालकांनी ती स्वतःसाठी वाचावी. मुलगा सोबतच्या मंडळीत असेल असे समजून योसेफ आणि मरीया एका दिवसाची वाट चालून गेले, याचा अर्थ त्या घरात बारा वर्षांच्या मुलाला एवढी मोकळीक होती. तो सापडल्यावर आईने रागावून विचारले, त्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर त्यांना समजले नाही असे शास्त्र स्पष्ट सांगते. तरी तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. न समजलेले उत्तर आईने मनात ठेवले. चार नातेवाइकांत त्याची चर्चा केली नाही.

तेरा ते सोळा : शरीर, खोलीचे दार आणि चिरडीस न आणणे

या वयाविषयी आपल्या मंडळ्यांत सर्वांत कमी बोलले जाते. तरुण संघाच्या शिबिरात एखादा पाहुणा वक्ता ‘शुद्धता’ या विषयावर तासभर बोलतो, मुले मान खाली घालून बसतात, आणि आईबापांना वाटते की ते काम झाले. ते काम घरातलेच आहे आणि ते एका बैठकीत होत नाही. आईने मुलीशी आणि वडिलांनी मुलाशी, शक्यतो काहीतरी हातचे काम करताना, थोडे थोडे बोलावे : शरीरात काय बदलते, आकर्षण म्हणजे काय, कोणी नको असताना हात लावला तर कोणाला सांगायचे, मोबाइलवर काय समोर येते आणि ते पाहिले गेले तर घरात कोणत्या शब्दांत सांगता येईल. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण चूक कबूल करायला सुरक्षित जागा घरात नसेल, तर पापक्षमेवरची आपली सगळी गीते मुलाच्या कानांवरून जातात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो मंडळीतला कोणी मान्यवर माणूस असला, तरीही मुलाचे आधी ऐकायचे, मंडळीच्या अब्रूचा विचार नंतर. आणि प्रकार गुन्ह्याचा असेल तर अठरा वर्षांखालील मुलांच्या संरक्षणासाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे. असा प्रकार माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही त्या कायद्याखाली गुन्हाच ठरतो, त्यामुळे पंचकमिटीत मिटवण्याचा मार्ग उरत नाही.

इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या दोन्ही पत्रांत पौल बापांना एकच गोष्ट सांगतो : मुलांना ‘चिरडीस आणू नका’. कलस्सैकरांच्या पत्रात कारणही दिले आहे, ती खिन्न होतील. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आपण मुलांना शंभरदा सांगतो आणि तिच्या शेजारचे हे वाक्य गाळतो. पाहुण्यांसमोर गुण विचारणे, चुलतभावाशी तुलना करणे, दार न वाजवता खोलीत शिरणे, आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून महिला मंडळात मांडणे, ही चिरड आणण्याची रोजची साधने आहेत. शेवटचे साधन फार वापरले जाते. मुलाची परवानगी घेतल्याशिवाय त्याचे नाव कोणत्याही प्रार्थनासभेत घेऊ नये.

दृढीकरण : दुसऱ्याच्या तोंडचे वचन स्वतःच्या तोंडी येताना

उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय) ही अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या 1970 मध्ये नागपूर येथे एकत्र येऊन झाली. तिच्यात, आणि कॅथलिक धर्मसभेतही, बालपणी झालेल्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी दिलेली वचने मूल दृढीकरणाच्या वेळी स्वतःच्या तोंडाने पुन्हा देते. ज्या मंडळ्यांत बालबाप्तिस्मा नाही, तिथे बाप्तिस्माच त्या जागी येतो. विधीचा अर्थच असा आहे की इथून पुढे हा विश्वास आईबापांच्या उसनवारीवर चालणार नाही. आणि आपण काय करतो? वर्गाची तुकडी बसली की सगळ्यांची नावे घालतो, पांढरा पोशाख शिवतो, जेवणाची पंगत ठरवतो, आणि मुलाने ‘मला अजून नको’ म्हटले तर लोक काय म्हणतील या भीतीने त्याला गप्प करतो.

माझा सल्ला असा आहे की दृढीकरणाच्या वर्गाला पाठवण्यापूर्वी एकदा, आणि विधीच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा, मुलाला स्पष्ट शब्दांत विचारावे की तुला हे करायचे आहे का, आणि ‘नाही’ या उत्तराला खरोखर जागा ठेवावी. एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही. शंका असतील तर त्या पाळकांकडे घेऊन जाण्याआधी आपण ऐकाव्यात, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही असे म्हणावे. माझ्या मुलाने पंधराव्या वर्षी मला विचारले होते की आजोबांसाठी आपण एवढी प्रार्थना केली तरी ते का गेले. मी त्याला एक पुस्तक दिले. त्याला पुस्तक नको होते.

इथे मराठी ख्रिस्ती माणसाने आपला इतिहास आठवावा. लेखक बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो घरच्यांच्या विरोधात. कवी नारायण वामन टिळकांचा 1895 मधील बाप्तिस्मा त्यांच्या घरावर आकाश कोसळल्यासारखा होता, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तीच वाट धरली ती पुढे काही वर्षांनी, स्वतःच्या मनाला पटल्यावर. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला खरा, पण मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यायचे यावर त्यांनी मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. दुसऱ्याची मते मुकाट्याने स्वीकारणे त्यांना स्वतःसाठीही मान्य नव्हते आणि मुलीसाठीही नव्हते. तीच मनोरमा पुढे शिकून आईच्या कामात उभी राहिली. आपल्या मंडळ्यांची पहिली पिढी आईबापांना न विचारता, स्वतः शोधून आलेली होती. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या मुलाने प्रश्न विचारला की आपण त्याला बंडखोर म्हणतो, हे विचित्रच म्हणायचे.

सोळा ते अठरा : घराबाहेर राहण्याचा सराव

पूर्वी हा प्रश्न फार लवकर सुटत असे, काहीसा क्रूरपणे. नगर आणि जालना जिल्ह्यांतल्या खेड्यांतली आपली आजी-आजोबांची पिढी लहान वयातच पत्र्याची पेटी घेऊन मिशनच्या बोर्डिंगात गेली. भाकरी, शिस्त आणि शिक्षण त्यांना तिथे मिळाले. कुशीत झोपायला मात्र सुट्टीचीच वाट पाहावी लागली. आता उलटे झाले आहे : अठरा वर्षांचा मुलगा चहा न करता येता पुण्याला जातो.

म्हणून बारावीच्या आधीच्या दोन वर्षांत ठरवून सराव करावा. वरणभात, पोळी किंवा भाकरी, अंडी आणि एक भाजी यावी. कपडे धुता यावेत, एसटी आणि रेल्वेचे तिकीट काढता यावे, तापात कोणती गोळी घ्यायची आणि डॉक्टरकडे केव्हा जायचे ते कळावे, भाडेकराराचा कागद वाचता यावा. मुलगा आणि मुलगी यांत येथे काडीचाही फरक करू नये. भावाचे ताट उचलणारी बहीण ज्या घरात आहे, त्या घराने समानतेवर साक्ष देऊ नये.

अठरा पूर्ण होताच काही कागदांची कामे मुलाकडूनच करून घ्यावीत. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असताना काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, ती घालून घ्यावी लागते. बँकेत नव्याने ओळखपत्रे आणि नमुना सही द्यावी लागते. आधारमधील बोटांचे ठसे पंधराव्या वर्षी अद्ययावत करायचे राहिले असतील तर तेही करावे. मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक सहा असतो. वर्षातून चार पात्रता तारखा असल्याने जानेवारीची वाट पाहावी लागत नाही, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

गेल्यानंतरचे पहिले वर्ष

वसतिगृहात सोडून येताना तीन गोष्टी आधीच बोलून ठेवाव्यात : पैसे किती आणि कोणत्या तारखेला, फोन केव्हा, आणि खरोखर अडचण आली तर रात्री दोन वाजताही न रागावता फोन उचलला जाईल हा शब्द. फोन आठवड्यातून दोनदा पुरतो. पहिला प्रश्न ‘चर्चला गेलास का’ हा नसावा. मी तो सलग सात महिने विचारला आणि मुलगा सात महिने ‘हो’ म्हणाला. तो जात नव्हता. त्याला खोटे बोलायला मीच शिकवले. त्यापेक्षा नव्या शहरातील दोन-तीन मंडळ्यांचे पत्ते देऊन ठेवावेत, तिथे ओळखीचे कुटुंब असेल तर एक रविवारचे जेवण ठरवून द्यावे, आणि मग मागे सरावे. भाषा बदलते, संगीत बदलते, मराठी उपासनेऐवजी तो इंग्रजी उपासनेत गिटारवर गातो. ते आपल्याला रुचले नाही तरी ती त्याची उपासना आहे.

मूल विश्वासापासून दूर गेलेच, तर लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप पाहावा. त्याने वाटणी दिली, अडवले नाही, दूरदेशी माणसे पाठवून पाळत ठेवली नाही. आणि मुलगा परतताना बापाने त्याला दूर असतानाच पाहिले. घरचे दार, जेवणाचे ताट आणि नाताळचे नवे कपडे यांना कोणतीही अट लावू नये. पैशाचे तसे नाही : प्रौढ मुलाचे कर्ज किंवा व्यसन यांना खतपाणी घालणारे पैसे थांबवणे हे प्रेमाच्या विरुद्ध नाही.

विवाह : सोडून देणे कोणाला सांगितले आहे

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुषाने आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहावे असे म्हटले आहे. प्रत्येक लग्नात ते वाचले जाते, आणि सोडून येते ती मुलगी. शास्त्राने पुरुषाला सांगितले आहे, तेव्हा मुलाच्या आईबापांनी लग्नाआधी दोन गोष्टी स्वतःशी पक्क्या कराव्यात : त्या जोडप्याच्या पैशाचा हिशेब आपण मागणार नाही, आणि त्यांच्या भांडणात बोलावल्याशिवाय पडणार नाही. एकत्र राहायचे असेल तरी वेगळे कपाट, बंद होणारे दार आणि स्वयंपाकघरातील कामाची वाटणी ठरलेली असावी.

जोडीदार निवडताना आईबापांनी स्वभाव, कर्ज, आरोग्य, व्यसन यांविषयी मोकळेपणे विचारावे. तो त्यांचा अधिकार आहे. ‘मूळ गाव कोणते’ या प्रश्नाच्या आडून जात शोधण्याचा अधिकार नाही, आणि तो प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो हे सर्वांना माहीत आहे. कायद्याची बाजू अशी : 1872 च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी विवाह होऊ शकतो, मात्र मंडळीचे स्वतःचे नियम वेगळे असतात, म्हणून पाळकांना किंवा फादरांना लवकर भेटावे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर तीस दिवसांची नोटीस लागते आणि मुलाचे वय एकवीस, मुलीचे अठरा पूर्ण हवे. मुलाने अन्यधर्मीय जोडीदार निवडला आणि आपल्याला ते पटले नाही, तर ते एकदा, शांतपणे, पूर्ण सांगावे. दुसऱ्यांदा सांगू नये. लग्नाला जावे.

मालमत्ता : आपल्या हयातीतच

येथे ख्रिस्ती कुटुंबे हिंदू शेजाऱ्यांचे ऐकून चुकतात. महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पती किंवा पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान, मुलगा-मुलगी भेद नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या पतिपत्नीने साक्ष केली तर त्याला दिलेली देणगी रद्द ठरते. म्हणून जावयाला साक्षीला बसवू नये. मृत्युपत्र केल्यानंतर करणाऱ्याने विवाह केला तर ते आपोआप रद्द होते, हे विधुर आणि विधवा पालकांनी, तसेच लग्नाआधी मृत्युपत्र केलेल्या मुलांनीही लक्षात ठेवावे. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे. तिथे मुलांचा काही हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.

राहते घर जिवंतपणी मुलाच्या नावे करू नये. करायचेच झाले तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या तेविसाव्या कलमाखाली अशी अट मोडल्यास हस्तांतर रद्द करून घेता येते.

घरात दोघेच उरल्यावर

मुले गेल्यावर पहिला आठवडा वाईट जातो. भाजी जास्त होते, संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडले की वरचा आवाज कोणी उचलायचा हे कळत नाही. प्रार्थना बंद करू नये. वेळ लवकरची ठेवावी आणि पतिपत्नींनी आळीपाळीने चालवावी. मुले व्हिडिओ कॉलवर सामील होत असतील तर एक पथ्य पाळावे : देवाला उद्देशून मुलाला बोलू नये. ‘प्रभू, आमच्या लेकीला वेळेवर झोपण्याची बुद्धी दे, बाहेरचे खाणे कमी करण्याची इच्छा दे’ अशी प्रार्थना मी बरेच महिने केली. तिची रात्रपाळी असायची आणि ती रुग्णालयाच्या जिन्यात उभी राहून ऐकायची. शेवटी ‘आमेन’ फक्त आमच्या दोघांचेच येई. मला वाटे, तिकडे नेटवर्क नसेल.